पूर बघितलेल्या पोरांना ‘सुझुमे’ दाखवायचा असेल तर

पावसानं चार दिवस धरलं की कोल्हापुरातलं पोरगं पहिलं काय विचारतंय, तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे सातच्या पाढ्याआधी पाठ असतंय इथं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्या वर, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, तिकडं चिखली-आंबेवाडी, खाली शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी, सगळीकडं घरात पाणी. मग गाळ काढला, पंचनामा झाला, भिंतीला रंग मारला आणि विषय संपला. म्हणजे मोठ्यांनी संपवला. आता घरात पुराचं बोलणं निघालं तरी ते फुटांत नाहीतर रुपयांत, किती आलं आणि किती गेलं, त्यावेळी तीन-चार वर्षांचं असलेलं पोरगं आजीच्या कडेवरनं बोटीत चढताना काय बघत होतं हे कुणी विचारत नाही, आणि तेबी आपणहून सांगत नाही.

हे बोलणं सुरू करायला एक सिनेमा लई कामाला येतो, जपानचा ‘सुझुमे’, माकोतो शिंकाईंचा. तिकडं नोव्हेंबर २०२२ ला आला, आपल्याकडं २०२३ च्या एप्रिलात थिएटरला लागला होता. आमच्या गल्लीतल्या पोरांना घरात बसवून दाखवलाय, त्यांच्या आयाही बसल्या होत्या, त्यावरनं काय करावं आणि काय करू नये ते लिहितोय. पहिलंच सांगतो, सिनेमा लावून दिला आणि आपण मोबाईल घेऊन आत गेलो असं करणार असाल तर दाखवूच नका, त्यापेक्षा मोटू-पतलू बरं.

गोष्ट थोडक्यात, कारण आधी तुम्हाला माहीत पाहिजे

सुझुमे सतरा वर्षांची, क्युशू बेटावर मावशीकडं राहते. आई नर्स होती, सुझुमे चार वर्षांची असताना त्सुनामीत गेली. ही त्सुनामी खरी आहे, ११ मार्च २०११, दुपारी पावणेतीनच्या सुमाराला ९ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मागनं समुद्र आत आला, मेलेले आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांच्या वर माणसं. सिनेमातली दारं, बोलणारी मांजर, पळणारी खुर्ची हे सगळं कल्पनेतलं, पण ती तारीख खरी.

तर ओसाड पडलेल्या जागांमध्ये दारं असतात, ती उघडी राहिली की त्यातनं आभाळाएवढा एक किडा बाहेर येतो आणि तो जमिनीवर आदळला की भूकंप होतो. सोता नावाचा एक पोरगा गावोगाव फिरून ही दारं बंद करत असतो. त्याला मांजर शाप देऊन सुझुमेच्या लहानपणच्या तीन पायांच्या खुर्चीत घालते, मग ती खुर्ची आणि ही पोरगी मांजरामागं एहिमे, कोबे, टोकियो करत शेवटी उत्तरेला, जिथं तिचं घर होतं तिथं पोचतात. खुर्ची पळायला लागली की पोरं खदाखदा हसतात, एवढं हसू पहिल्या तासात आहे म्हणूनच पुढचं पोरांना झेपतं असं मला वाटतं.

कुणाला दाखवायचा आणि कधी

माझं मत विचाराल तर आठ वर्षांच्या खालच्या पोराला नको. चार-पाच वर्षांच्या पोराला मेलेलं माणूस परत येत नाही हेच अजून पक्कं झालेलं नसतं, त्यात इथं दारापलीकडं चांदण्यांचं दुसरंच जग दिसतं आणि बारकी सुझुमे बर्फात आईला हाका मारत फिरते, तेवढंच त्याच्या डोक्यात राहतं. धाकट्याला त्या दिवशी मामाकडं सोडा.

ज्या घरात अलीकडं कुणी गेलंय, वर्षसुद्धा झालं नाही, तिथंही घाई करू नका. २०२१ ला आपल्याकडं कितीतरी घरांत आधी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माणूस गेलं आणि वर दोन-तीन महिन्यांत घरात पाणी, त्या पोरांचं दुःख कुठलं कुठं संपतं आणि कुठलं सुरू होतं हे त्यांना तरी कुठं कळतंय. असल्या पोराला आधी विचारा. “एक सिनेमा आहे, त्यातल्या मुलीची आई पुरासारख्या पाण्यात गेलेली असते, बघायचाय का?” असं सरळ. नाही म्हणालं तर नाही. परत दोन महिन्यांनी विचारा, फार तर.

जुलै-ऑगस्टात अजिबात नको. बाहेर धार लागलीय, फोनवर पाणीपातळीचे मेसेज येतायत, कुठला रस्ता बंद आणि कुठला बंधारा पाण्याखाली, अशा वेळी हा सिनेमा म्हणजे पोराला धाकात ठेवणं. मे महिन्याची सुट्टी नाहीतर दिवाळीची सुट्टी धरा. आणि वेळ दुपारी चारची. सिनेमा दोन तासांचा आहे, मधला थांबा आणि नंतरचं बोलणं धरलं तरी जेवणाच्या आधी पोरं तासभर खाली खेळायला मोकळी राहिली पाहिजेत. रात्री नऊला लावला आणि संपल्या संपल्या झोपवलं तर ते पोरगं अंधारात एकटं विचार करत पडणार.

तयारी

कुठल्या ॲपवर आहे ते बघून घ्या, सिनेमे इकडनं तिकडं जात असतात. घरातल्या टीव्हीवर चार-पाच घरची पोरं बसली की झालं. तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्या पेठेला दाखवू असा उत्साह कुणाला तरी येतोच, पण एक तर त्याला रीतसर परवानगी लागते, आणि दुसरं म्हणजे शंभर पोरांच्या गर्दीत कुणाचा चेहरा बदलला हे तुम्हाला दिसणार नाही. कमी पोरं बरी.

तुम्ही स्वतः आधी एकदा पूर्ण बघा. हे टाळता येत नाही, कारण सबटायटल वाचायला लहान पोरांना जमत नाही आणि कुणीतरी मोठ्यानं शेजारी बसून मराठीत सांगत राहायला लागतं. प्रत्येक वाक्य नको, नाहीतर कॉमेंट्री होते, “ती म्हणतेय मांजराला पकडा”, “आता मावशीचा फोन आलाय”, एवढं पुरे. टोकियोच्या पुढं तर बोलणं आणखी कमी करा, चित्रच सांगतंय सगळं.

आवाज थोडा कमी ठेवा. सिनेमात मोबाईलवर भूकंपाचा इशारा वाजतो, एकदम कर्कश, आणि जपानमध्ये तर सिनेमा लागायच्या आधीच प्रेक्षकांना तशी सूचना दिली होती, कारण तो आवाज ऐकला की तिकडच्या माणसांच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडं २०२३ ला सरकारनं मोबाईलवर इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा घराघरांत फोन कसे बोंबलले होते आठवतंय ना, साधारण तसलं. पोरांना आधीच सांगून ठेवा की मधे मधे फोन वाजणार, तो सिनेमातला आहे, आपला नाही. आपल्या पोरांना ज्या आवाजांची धास्ती आहे ती वेगळी असू शकते, बोटीची मोटर, हेलिकॉप्टर, रात्री लाऊडस्पीकरवरनं घर सोडा म्हणून फिरणारी गाडी. यातलं तुमच्या पोराला कुठलं लागतंय ते तुम्हालाच माहीत.

खोलीत पूर्ण अंधार करू नका, एक झिरोचा बल्ब असू दे. ज्या पोराची काळजी वाटते त्याला दाराजवळ बसवा म्हणजे उठून जायचं असलं तर चार जणांच्या मांड्या तुडवत जायला नको, आणि “मधे उठलं तरी चालतंय, पाणी प्या, बाहेर बसा, परत या” हे सगळ्यांसमोर सांगा. खायला भडंग करा भरपूर. हात आणि तोंड चालू असलं की पोरं भीती जरा कमी घेतात, निदान आमच्याकडची तरी.

सुरू करायच्या आधी तीन गोष्टी सांगाच

एक, आई परत येत नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच बर्फातल्या बारक्या सुझुमेजवळ एक बाई येते आणि पोरांना वाटतं ही आई. दोन तास ती वाट बघतात. शेवटी ती आई नव्हती हे कळतं, आणि ज्या पोराचं स्वतःचं कुणी गेलंय त्याला तो धक्का नको बसायला. म्हणून मी सस्पेन्सचा विचार न करता सरळ सांगतो की आई वारलेली आहे आणि ती येणार नाही. ती बाई कोण हे मात्र सांगू नका, ते त्यांचं त्यांना सापडू दे, सापडल्यावर जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

आणि हो, सांगताना “देवाघरी गेली”, “लांब गावाला गेली” असलं नको. आज्यांना हे पटत नाही, पोरासमोर मेली कसं म्हणायचं म्हणतात. पण लहान पोरगं शब्दाला धरून चालतं, गावाला गेलेलं माणूस एसटीनं परत येतं हे त्यानं बघितलेलं असतं, मग ते बसतंय वाट बघत. वारली म्हणा, आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, ती परत येऊ शकत नाही, आणि आपण तिची आठवण काढू शकतो. बास.

दोन, किडा खोटा आहे. भूकंप जमिनीखालचे मोठाले थर एकमेकांना ढकलतात म्हणून होतो, जपान असले थर भेटतात तिथंच बसलंय म्हणून तिकडं जास्त. आपल्याकडं घरातल्या म्हाताऱ्यांना कोयनेचा भूकंप आठवत असेल, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा, तर पोरं त्यांना विचारणारच. विचारू दे. पण आजोबांना आधी सांगून ठेवा की भांडी कशी पडली आणि आम्ही अंगणात कसं झोपलो ते सांगा, मेलेल्या माणसांची वर्णनं राहू देत.

तीन, दारं. ह्याच्यावर जरा जास्त लिहितो कारण हे फक्त आपल्या भागातल्या पोरांच्याच डोक्यात येतं. जपानी पोराला दार म्हणजे घराचं दार. कोल्हापूरच्या पोराला “दरवाजा उघडला आणि संकट आलं” म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येणार? राधानगरी धरण! दर पावसाळ्यात ते हेच ऐकत मोठं झालंय, राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला, पाचवा उघडला, सातच्या सात उघडले, आणि प्रत्येक दरवाजा म्हणजे १४२८ क्युसेक, सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. आमच्याकडं सिनेमा चालू असतानाच एका पोरीनं विचारलं, “मग आमच्या वेळी दार का नाही बंद केलं कुणी?” सगळ्या आया गप्प.

ह्याचं उत्तर तयार ठेवा. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, त्यात पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप बसतो, तिथं कुणी माणूस बसून आज कोल्हापूर बुडवूया म्हणत बटण दाबत नाही. आणि पूर काही एकट्या त्या दरवाज्यांनी येत नाही, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी सगळ्यांचं पाणी पंचगंगेत येतं, चार-पाच दिवस घाटमाथ्यावर कोसळत राहतं, खाली कृष्णा आधीच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, त्यात नदीच्या जागेत आपण बांधलेली घरं. पाटीवर काढून दाखवा, चार रेघा येऊन एकीला मिळतात, कळतं पोरांना. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा विषय मात्र काढू नका, मोठी माणसं भांडायला लागतील आणि सिनेमा राहील बाजूला.

ह्याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सगळ्यात नाजूक. सिनेमात सुझुमे कुतूहलानं एका पडक्या जागेतली दगडाची मांजर उचलते आणि तिथनं सगळं बिघडतं, म्हणजे एका अर्थानं तिच्या हातनंच सुरू होतं. लहान पोरं असा हिशोब स्वतःवर लावतात, मी असं केलं म्हणून तसं झालं. आमच्यातला एक पोरगा नंतर सहज बोलल्यासारखं बोलून गेला की त्या वर्षी शाळेला सुट्टी पाहिजे म्हणून त्यानं देवाला पाऊस मागितला होता. बघा, आणि किती वर्षं पोटात ठेवून फिरत होता ते. असं काही निघालं तर हसू नका, “काहीतरीच काय येड्या” म्हणून उडवूही नका, त्याला ते येडं वाटत नसतं. “सुट्टी सगळ्याच पोरांनी मागितली होती, मीबी लहानपणी मागायचो, पाऊस आपल्या मागण्यावर पडत नाही” असं शांतपणे सांगा, आणि दोन-चार दिवसांनी परत एकदा सांगा.

चालू असताना

थांबा कुठं घ्यायचा ते महत्त्वाचं. कोबेचा बंद पडलेला पार्क होतो, आकाशपाळण्याचा सीन होतो, त्यानंतर टोकियोच्या आधी थांबवा. तोवर सगळं मजेत असतं, जुळी पोरं खुर्चीवर बसून दंगा करतात वगैरे. टोकियोत गेल्यावर थांबवलंत तर पोरं रडकुंडीला आलेली असताना भडंग खात बसतील, बरं वाटत नाही ते.

रडणाऱ्या पोराला गप्प करू नका. ही आपली सवय आहे, कुणी रडलं की लगेच “ए, रडायचं नाही, सिनेमा आहे तो”. हात पाठीवर ठेवा नाहीतर नुसते शेजारी सरकून बसा. अगदीच हुंदके देऊन थरथरायला लागलं, श्वास लागायला लागला तर बाहेर घेऊन जा, पाणी द्या, पाय जमिनीला टेकवून बसवा आणि आजूबाजूला दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायला लावा, सायकल, तुळस, पाण्याची टाकी, असं. त्या दिवशी परत आत न्यायचा आग्रह नको. उलट जे पोरगं सगळा वेळ दगडासारखं बसलंय, ना हसू ना रडू, त्याच्याकडं जास्त लक्ष ठेवा.

आता तो पार्किंगमधला सीन. हा मोठ्यांसाठी आहे. मावशी सुझुमेला शोधत आलेली असते, गाडीतनं उत्तरेला चाललेले असतात, आणि मधे एका थांब्यावर दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. मावशी बोलून जाते की तुझ्यामुळं माझं आयुष्य अडकलं, लग्न नाही झालं, घरात कुणाला आणता आलं नाही, माझी वर्षं मला परत दे. आमच्याकडं ह्या सीनला पोरांपेक्षा बायकाच जास्त हलल्या. कारण आपल्याकडं अशी पोरं सांभाळणारी आत्या, मावशी, काकू गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांनी कधी असं बोलून दाखवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून त्या मनातही बोलत नाहीत. पुढं सायकलवरनं डबलसीट जाताना मावशी सांगते की मी बोलले ते माझ्या मनात होतं खरं, पण तेवढंच नव्हतं. सुझुमेपण म्हणते, माझंही तसंच. मला तरी सगळ्या सिनेमात ही दोन वाक्यं सगळ्यात मोलाची वाटतात, भूकंपाच्या त्या थरारापेक्षा. तुमच्या घरात असं दुसऱ्याचं पोर वाढत असेल तर सिनेमा दाखवायच्या आधी त्या बाईला हा सीन एकटीला दाखवा. मग ठरवू दे तिला, पोराबरोबर बसून बघायचा की नाही ते. पोरानं रात्री येऊन “तुला पण असं वाटतं का?” विचारलं तर काय सांगायचं ह्याचा विचार तिचा झालेला पाहिजे. साफ नाही म्हणण्यापेक्षा “कधी कधी लई दमते मी, पण तू नको असं कधीच वाटत नाही” हे पोराला जास्त खरं वाटतं, कारण दमलेलं त्यानं बघितलेलंच असतं.

संपल्यावर

लगेच “काय शिकलात?” विचारू नका, शाळा सुटल्यावर परत शाळा कशाला. पहिली दहा मिनिटं पोरं खुर्चीसारखी तीन पायांवर उड्या मारतील, मारू दे.

मग बसली की एवढाच प्रश्न, जो सिनेमातच आहे. दार बंद करायच्या आधी तिथं पूर्वी राहणाऱ्या माणसांचे आवाज कान देऊन ऐकावे लागतात, ते ऐकल्याशिवाय कुलूप लागतच नाही. तर पोरांना विचारा, पाणी यायच्या आधी आपल्या घरात सकाळी काय काय ऐकू यायचं? सुरुवात तुम्ही करा. आमच्याकडं एका आजीनं सुरुवात केली, म्हशीच्या गळ्यातली घंटी, धारेचा आवाज, रेडिओवरच्या बातम्या, आणि तिथनं पोरं सुटली. नळाला पाणी आलं की बादल्या, दादाची बंद पडणारी गाडी, मांजर पत्र्यावरनं उडी मारायचं तो आवाज. त्यातच एक जण म्हणाला आमच्या म्हशीचं दावं पप्पांनी कापलं आणि ती पोहत गेली, कुठं गेली माहीत नाही. जनावर गेलेलं दुःख आपण मोजतच नाही, पंचनाम्यात त्याचे पैसे मिळाले म्हणजे झालं असं धरतो. त्या पोराला म्हशीबद्दल विचारा, नाव काय होतं, कशी होती, कुणाला लाथ मारायची. बोलतंय की मग.

मोठ्यांनीही एक खरं सांगायचं. पाच मिनिटांत, हिरोगिरी न करता. “मला बी भीती वाटली होती, तुला पाठीवर घेतलेलं तेव्हा पाय सरकत होता.” आमच्या गल्लीतल्या एका बापानं हे पहिल्यांदा पोराच्या समोर सांगितलं तेव्हा पोरगं बापाकडं असं बघायला लागलं जसं काय नवीन माणूस आलंय घरात.

वहीचं एक काम देता येतं. सिनेमात सुझुमे घराच्या चौथऱ्याजवळ उकरून एक डबा काढते, त्यात तिची लहानपणची चित्रांची डायरी, आणि ११ मार्चपासनं पुढची पानं नुसती काळी, खडूनं गिरगटलेली. पोरांना साधी कोरी वही आणि तेलखडू द्या, विषय देऊ नका. कुणी काळं पान केलं तर “असं का केलंस, छान रंग दे की” म्हणायचं नाही. वही कुणाला दाखवायची की नाही ते त्याचं त्यानं ठरवायचं, स्टेटसला तर बिलकुल टाकायची नाही. पोरं आठवडाभर पूर-पूर खेळली, बादलीत बाहुल्या बुडवल्या आणि बोटीनं वाचवल्या, तरी घाबरू नका, लहान पोरं असंच करून डोक्यातलं बाहेर काढतात. खेळात कुणीच कधी वाचत नसेल आणि तोच खेळ महिनोन् महिने तसाच चालू असेल तर मात्र दखल घ्या.

दखल म्हणजे काय, तर झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, शाळेला जाताना रोज पोटात दुखणं, आईचा पदर न सोडणं, हे पाच-सहा दिवस होऊन कमी झालं तर ठीक. महिना झाला तरी तसंच असेल, किंवा पोरगं मरणाच्या गोष्टी स्वतःबद्दल बोलायला लागलं, तर वाट बघू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोरांसाठी १०९८ आहेच. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं पोराला नेलं म्हणजे पोरगं वेडं ठरलं असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना चहा पाजून घरी पाठवा.

पोरांनी परत बघायचाय म्हटलं तर दाखवा, फक्त खुर्चीचा भाग बघायचा म्हटलं तरी दाखवा. आणि मे संपायच्या आत आणखी एक काम उरकून घ्या. पुराची पिशवी आपण भरून ठेवतोच आता, आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, शाळेचे दाखले, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ह्या वर्षी भरताना पोराला शेजारी बसवा आणि विचारा, तुझी एक वस्तू कुठली घ्यायची ह्यात. सुझुमेला आईनं वाढदिवसाला करून दिलेली खुर्ची होती, तुमच्या पोराला काय पाहिजे ते पोरगंच सांगेल, कुणाची बाहुली असेल, कुणाचं कुस्तीचं मेडल, कुणाचा आजोबांचा चष्मा. बॅट म्हणाला तर बॅट. पिशवीत बसत नसेल तर मोठी पिशवी आणा.